कवळीमामांचा खलनायक

माझे मामा कवळ्या करायचे. पुढच्या खोलीत दंतवैद्य गोड बोलून माणसाचे दात उपटणार आणि मागच्या खोलीत मामा त्याच माणसाच्या तोंडाचा साचा घेऊन बसणार, अशी वाटणी होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. लहानपणी मला वाटायचं, हे सगळे मामांना हसताहेत. मोठी झाल्यावर कळलं की हसायला कारणही होतं.

त्याच इमारतीत खाली चष्म्याचं दुकान होतं आणि तिथे मामी काउंटरवर उभी असायची. तेव्हा दर आठवड्याला एक मालिका लागायची, काळी-पांढरी. त्यातल्या खलनायकावर, म्हणजे एका उलट्या काळजाच्या गिरणीमालकावर, मामी जीव टाकायची. हा गिरणीमालक कधी ओरडला नाही, कधी हसला नाही. ओठ घट्ट मिटून, दोन शब्द पुटपुटून समोरच्याला देशोधडीला लावायचा. सगळे म्हणायचे, काय तो संयम! मामी म्हणायची, "मेला नुसत्या डोळ्यांनी बोलतो!"

एकदा जिन्यात मामा तिला म्हणाले, "त्याचे वरचे दात मी केलेत." बस्स, तेवढ्यावर जमलं. लग्न झाल्यावर मामीने मालिका बारकाईने बघायला घेतली, तर दात कुठे दिसेचनात. तेव्हापासून तिच्या मनात एकच किडा वळवळत राहिला, की या माणसाने आपल्याला थाप मारून पटवलं.

"दात कुणी पाहिले?" ती विचारायची.

"हसतील त्यांचे दात दिसतील. तो हसतच नाही, त्याला मी काय करू?" मामा म्हणायचे. सांगून सांगून त्यांच्या स्वतःच्या दातांच्या कण्या झाल्या, पण मामी बधली नाही. एरवी संसार चांगला झाला. मात्र भांडण कशावरूनही निघो, भाजीवरून, पंख्यावरून, ते शेवटी त्या गिरणीमालकाच्या तोंडाशी येऊन थांबायचं.

मामा निवृत्त झाले आणि मी हौसेने त्यांना इंटरनेटवाला टीव्ही घेऊन दिला. त्यावर ती जुनी मालिका अख्खी सापडली. मग काय, दोघांनी रोज दुपारी ठाण मांडलं. दार आपटलं की हवेलीची भिंत थरथरायची. गिरणीच्या कचेरीत वरून माइक लोंबायचा. दोघं टाळ्या देत हसायची. मामांचं म्हणणं, "आताच्या मालिकेत एक कानफटात मारली की तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. तेव्हा एकदाच मारायचे, पण लागायची." नायिका रडायला लागली की मामा तिचा फिरलेला सुळा दाखवणार आणि मामी म्हणणार, "अहो, तिचा बाप मेलाय!"

शेवटचा भाग आला आणि मामांना अचानक कंटाळा आला. डोळे दुखायला लागले, पाठ धरली, कुणाकडे तरी जायचं आठवलं. तो भाग मामीने कधीच पाहिला नव्हता, कारण तो लागला त्या संध्याकाळी नेमके यांच्या घरातले दिवे गेले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याची थाप आता उघडी पडणार. मला वाईट वाटलं आणि मजाही वाटली. मी तो भाग लावला.

गिरणीमालकाला गोळी लागते. तो छाती धरतो, डोळे फिरवतो आणि सगळ्या मालिकेत पहिल्यांदाच आ वासून किंचाळतो. त्याबरोबर वरची कवळी सुटली आणि टपकन खालच्या ओठावर येऊन बसली. त्याने ती जिभेने आत ढकलली आणि मग तो मेला.

मी हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.  मामीने मात्र रिमोट घेतला आणि तेवढंच पुन्हा बघितलं. मग पुन्हा.

"साचा घेताना तो हलला होता," मामा खाली बघत म्हणाले. "दुसरी करायला वेळ नव्हता, शूटिंग सुरू झालेलं. मी म्हटलं, तोंड फार उघडू नका, ओठ मिटूनच बोला. सगळे भाग त्याने बिचाऱ्याने निभावले. मरताना विसरला. शूटिंग संपल्याबरोबर जिना चढून आला होता मला शिव्या द्यायला."

"आणि त्या दिवशी दिवे?" मामीने विचारलं.

"फ्यूज मी काढला होता."

मला वाटलं, आता काही खरं नाही. मामीचा चेहरा लालबुंद झाला होता. पण रागाने नव्हे, हे मला जरा उशिरा कळलं.

"म्हणजे तो संयम, तो दरारा, ते डोळ्यांनी बोलणं," ती म्हणाली, "सगळं त्या ढिल्या कवळीपायी?"

मामांनी मान हलवली. इतकं कानकोंडं झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि मला एकदम त्यांची फार माया आली.

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" मामी त्यांच्याकडे सरकली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्याच्यावर भाळले. अहो, मी तर तुमच्याच चुकीवर भाळले होते!"