बिरूच्या दुकानातले वाद

आमच्या घरात टेलिफोन आला तो बिरूच्या हट्टापायी. मास्तर माणसाला फोन कशाला, हे माझं म्हणणं. आणि मास्तर माणसालाच फोन पाहिजे, कारण जगातलं सगळं त्याला उशिरा कळतं, हे बिरूचं. शेवटी तोच जिंकला. त्याच फोनवर गेल्या महिन्यात, सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत, पणदऱ्याच्या तात्यांचा आवाज आला. तात्या आमच्या दोघांचे जुने दोस्त. फोनवर ते नेहमी ओरडून बोलतात, शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं. त्या दिवशी आवाज इतका खाली होता की मी दोनदा ‘कोण?’ म्हणून विचारलं. ‘मास्तर, बिरू गेला,’ तात्या म्हणाले. ‘कुठं गेला?’ मी विचारलं... कारण तो कुठंतरी जायचाच. कधी पुण्याला सामान आणायला, कधी कुणाच्या छपरावर अँटेना फिरवायला. मग तारेतून त्यांचं रडणं ऐकू आलं आणि मी खुर्चीत बसलो.

दुकानाचं शटर वर करता करता बिरू खाली बसला, आणि शेजारचा चहावाला पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. वय बेचाळीस.

बिरदेव मदने हे त्याचं पूर्ण नाव. मूळचा निमगाव केतकीचा. घराणं मेंढरं राखणारं. त्याच्या लहानपणी त्याचे वडील, आबा, अजून कळप घेऊन चार-चार महिने बाहेर असायचे. घोड्याच्या पाठीवरच्या सामानात एक ट्रान्झिस्टर असायचा. आठ-नऊ वर्षांच्या बिरूनं तो एका दुपारी दगडावर ठेवून उघडला. आबांनी काठी उगारली तेव्हा म्हणाला, ‘आत मानूस हाय का बघत हुतो.’ आबांनी काठी खाली केली आणि विचारलं, ‘मंग? हाय का?’ हा प्रसंग बिरूनं मला निदान पन्नास वेळा सांगितला असेल. दर वेळी शेवटी तो म्हणायचा, ‘आबांनी मारलं असतं, तर मी आज मेंढरंच राखत असतो.’ पुढं आबांनी कळप मोडून शेती धरली, बिरूनं आयटीआय केलं, आणि बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढी जागा. पण तिथं रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसत होतो.

मी तेव्हा सांगवीला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि बारामतीत राहत होतो. शाळा सुटली की पाचची एसटी पकडायची आणि स्टँडवर उतरून थेट बिरूकडं. तात्या पणदऱ्याहून मोटरसायकलवर यायचे. ऊस, म्हशी, सोसायटीचं राजकारण हे सगळं त्यांच्या मागं होतंच, पण जीव अडकलेला यंत्रांत. त्यांच्या भागातली पहिली डिश अँटेना त्यांच्या छपरावर. पेजर निघाला तेव्हा तोही त्यांनी पुण्याहून आणला. तो पणदऱ्यात चालत नव्हता, बारामतीतही चालत नव्हता. तरी तात्या तो पट्ट्याला लावून फिरायचे. ‘कुणी निरोप पाठवला तर?’ मी विचारलं. ‘पुन्याला गेलो की सगळं एकदम येतंय,’ तात्या म्हणाले. बिरू हसून हसून स्टुलावरून घसरला, पण मला म्हणाला, ‘हसू नका मास्तर. आज सिग्नल न्हाय, उद्या यील. तात्या पट्टा बांधून तयार हाईत.’

आमचे वाद यंत्रांवरून व्हायचे, पण खरं तर माणसांवरून. केबल आली की गावकी मोडेल का? कॅल्क्युलेटरनं पोरांचे पाढे जातील का? सगळ्यात मोठी लढाई झाली ती व्हिडिओ गेमवरून. बिरूनं दुकानाच्या पुढच्या फळीवर एक जुना टीव्ही ठेवला आणि त्याला गेमचा डबा जोडला. आमच्या शाळेतली पोरं तास बुडवून, एसटीनं येऊन तिथं उभी राहू लागली. मी भडकलो. ही पिढी बटणं दाबण्यात जाईल, यांच्या डोक्यात गोळ्या आणि मारामाऱ्याच राहतील, असं बरंच काही बोललो. बिरूनं हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमच्या वर्गात पोरगं तीनदा चुकलं की तुमी त्येला ढ म्हणून मागं बसवता. हितं तीनदा मेलं तरी डबा म्हणतोय, ये, परत सुरू कर. मंग पोरगं कुठं जाईल?’ त्या वाक्यावर मी आठ दिवस रुसलो होतो. नवव्या दिवशी गेलो तर डब्याखाली पाटी होती: ‘शाळेच्या वेळेत बंद.’ मला त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना पुढं आणलं, आणि तेही त्याला सांगितलं नाही.

‘यंत्राला काय कळतंय?’ हे बिरूचं ठरलेलं वाक्य. दोष असलाच तर वापरणाऱ्याचा. विळ्यानं ऊसही तोडता येतो आणि मानही, पण म्हणून कुणी विळ्याला कोर्टात उभं करत नाही, असं तो म्हणायचा. या मुद्द्यावर तात्या त्याच्या बाजूला आणि मी एकटा विरोधात.

मग ते सोनोग्राफी मशीन आलं. आसपासच्याच एका गावातला दवाखाना. गावाचं आणि डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. व्होल्टेजच्या झटक्यानं मशीन बंद पडलं होतं आणि कंपनीचा माणूस लवकर येत नव्हता. कुणीतरी बिरूचं नाव सुचवलं. बिरू दोन दिवस तिथं बसला आणि त्यानं ते चालू केलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता तसा झाला होता. ‘मास्तर, पडदा म्हंजी शेवटी टीव्हीच. पर टीव्हीवर जे कदी दिसत न्हाय ते दिसलं. बाळाचं काळीज. एवढं... हरभऱ्याएवढं. टुकटुक चाललेलं.’ त्यानं बोटांनी उघडझाप करून दाखवलं. स्वतःच्या दोन मुली झाल्या तेव्हाही तो एवढा गहिवरला नव्हता, असं त्याची बायको संगीता नंतर म्हणाली.

त्यानंतर चार-पाच महिने गेले असतील. तात्यांच्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पहिली मुलगी. एका संध्याकाळी तात्या आले, चहा सांगितला, आणि बिरूनं सहज विचारलं, ‘सूनबाईंची तब्येत कशी हाय?’

‘बरी हाय. मोकळी झाली,’ तात्या म्हणाले. ‘बघून घेतलं हुतं. परत पोरगीच... मंग काय करायचं? पर डॉक्टर म्हनला, मशीन लई साफ दाखवतंय आता. बिरूच्या हातचं काम हाय म्हनला.’

तात्यांनी हे कौतुक म्हणूनच सांगितलं होतं. त्यांच्या आवाजात आपल्या माणसाचा अभिमान होता. बिरूनं हातातली सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली आणि तिची वायर काढली. ‘तात्या,’ तो म्हणाला, ‘मी ते ह्येच्यासाठी नीट केलं न्हवतं.’

‘आरं, तूच म्हनतूस न्हवं का, यंत्राला काय कळतंय?’

‘यंत्राला न्हाय कळत. मला कळाया पायजे हुतं.’

तात्यांचा आवाज चढला. घरात काय करायचं ते आता रेडिओवाल्याला विचारून करू का, असं ते म्हणाले. बिरू म्हणाला, ‘विचारू नका. पर माज्या दारात ती गोष्ट कौतुकानं सांगू नका.’ तात्या चहा तसाच ठेवून उठले. मोटरसायकलला किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

आणि मी? व्हिडिओ गेमवर तास तास बोलणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. तात्यांच्या घरी मी जेवलेलो होतो, त्या सुनेच्या हातचं खाल्लं होतं. कायदा मला माहीत होता. दवाखान्यात तशी पाटीही लावलेली असते. पण दोस्ताला तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही. तात्या गेल्यावर मी बिरूला समजुतीचं काहीतरी सांगायला लागलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं फक्त. आमच्या एवढ्या वर्षांच्या वादांत मी खरा हरलो तो त्या दिवशी, वाद न घालता.

उन्हाळ्यात ते मशीन पुन्हा बिघडलं. दवाखान्याची जीप दुकानासमोर येऊन थांबली. बिरू गेला नाही. तेव्हा डॉक्टर स्वतः आले. मी तिथंच होतो. डॉक्टरांचं बोलणं गोड होतं आणि काही अंशी खरंही. या यंत्रानं किती बायकांचा जीव वाचतो, आडवं मूल आधीच कळतं, ते म्हणाले. बिरूनं मान हलवली. ‘त्ये खरं हाय डॉक्टरसाहेब. तुमी तेवढ्यासाठीच वापरनार असाल तर आत्ता येतो. तसं सांगा.’ डॉक्टर हसले. मग हसणं थांबलं. मग ते गेले.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण बरोबर केलं, असं म्हणून बिरू मोकळा झाला नाही. कंपनीचा माणूस यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत तो दर दोन-तीन दिवसांनी सायकल काढून त्या गावाला जायचा. दवाखान्यात काम करणाऱ्या मावशींना बाहेर गाठून विचारायचा, ‘कुना बाईचं अडलं न्हाय ना? कुनाला परत पाठवलं का?’ एकदा एका अडलेल्या बाईला बारामतीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं असं कळलं, तर हा तिथं जाऊन व्हरांड्यात बसला. आई आणि बाळ सुखरूप आहेत असं कळल्यावरच उठला. मी म्हणालो, ‘बिरू, मशीन आता कंपनीवाला चालू करून जाईल. मग तू मिळवलंस काय?’ तो म्हणाला, ‘काय न्हाय मिळवलं. माज्या हातानं चालू न्हाय, एवढंच.’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘आबांनी एक मेंढरू कदी खाटकाला इकलं न्हाय असं न्हाय. पर इकलं की दोन दिवस जेवायचे न्हाईत. मला वाटायचं, ह्यो कसला येडेपणा.’

तात्या दीड वर्ष आले नाहीत. त्या काळात बिरूनं एक जुना काम्प्युटर घेतला, मग दुसरा, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत क्लास काढला. मुलाचं नाव घालायला कुणी आलं की तो विचारायचा, ‘घरात पोरगी हाय का? तिलाबी आना. न्हाईतर जागा न्हाय.’ लोक चिडायचे, निघून जायचे, आणि बरेचसे चार दिवसांनी मुलीला घेऊन परत यायचे. यावरून माझं आणि त्याचं भांडण झालंच. सक्ती करून काही सुधारत नाही, असं मी म्हणालो. ‘तुमी सक्ती न करता काय सुधारलं ते सांगा,’ तो म्हणाला.

एका शनिवारी तात्या दारात उभे राहिले. बोटाला धरून नात, सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, भेदरलेली. तात्या आत आले नाहीत. ‘हिला काम्प्युटर दाखवशील का?’ म्हणाले. आणि मग, मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ‘सून बोलत न्हाय माज्यासंगं. दीड वरीस झालं. ताट वाढती, पर बोलत न्हाय.’ बिरूनं आपलं स्टूल पुढं सरकवलं. ‘बसा तात्या. माफी मागायची तर तिची मागा, माजी कशाला?’ तात्या बसले. त्यांनी पट्ट्याचा पेजर काढून मांडीवर ठेवला आणि नुसते त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले. वरून नातीच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा तात्यांनी पंच्यानं डोळे पुसले. त्यांनी घरी जाऊन काय केलं मला माहीत नाही. पण पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन सूनबाई स्वतः बिरूच्या घरी आल्या होत्या, एवढं संगीतानं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली इंदापूरला झाली. रोजची बैठक मोडली. मी शनिवारी शाळा सुटली की बारामतीची एसटी धरायचो. शेवटची भेट अशाच शनिवारी झाली. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे काम्प्युटर गोंधळणार, यावरून तात्या आणि बिरू भांडत होते. तात्यांनी घाबरून डिश अँटेनासुद्धा त्या रात्रीपुरती उतरवायचं ठरवलं होतं. एसटीची वेळ झाली म्हणून मी उठलो. बिरू म्हणाला, ‘काय हुतंय ते बघायला एक तारखेला हितंच या, मास्तर.’ मी ‘बघू’ म्हणालो.

दहाव्यानंतर मी दुकानात गेलो. संगीतानं शटर उघडलं होतं. क्लास ती आणि थोरली मुलगी चालवणार आहेत. फळ्यांवर दुरुस्तीला आलेल्या वस्तू तशाच होत्या आणि प्रत्येकीवर बिरूनं चिकटवलेली चिठ्ठी. तो बाहेर गेला की संगीता दुकान बघायची, तिच्यासाठी तो त्या लिहून ठेवायचा. त्यात बिघाडापेक्षा माणूसच जास्त. ‘निमगावची म्हातारी. एकटी असते. रेडिओ आधी हिचा.’ ‘हे साहेब ओरडतात. चहा दे, गप्प होतात.’ वाचता वाचता माझा टेपरेकॉर्डर दिसला. वर्षभर तो तिथं पडून होता. दर शनिवारी मी विचारायचो, आणि दर शनिवारी बिरू सांगायचा की पार्ट यायचाय, पुढच्या आठवड्यात नक्की.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मास्तरांचा. झालाय. सांगू नको, यायचे बंद होतील.’

मी वायर लावून बटण दाबलं. तो चालू झाला. संगीतानं पिशवी पुढं केली. मी टेपरेकॉर्डर पुन्हा फळीवर होता तसा ठेवला आणि तिला म्हणालो, ‘राहू दे वहिनी. पार्ट आला की मी येऊन नेतो.’