आधी पाठीशी उभं राहायचं

आमच्या पेठेतल्या तालमीत वस्तादांचा एक नियम होता. तालमीतल्या पोराबद्दल बाहेरच्यानं काही विचारलं, की आधी त्याच्या पाठीशी उभं राहायचं. शिव्या काय घालायच्या त्या नंतर, आत नेऊन. नव्वदच्या दशकात मी आणि माझा मित्र एकाच दिवशी कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत उतरलो. नियम तेव्हाच अंगात मुरला.

त्यामुळे दहा-बारा वर्षांनी एका सकाळी पोलीस माझ्या दुकानात आला आणि त्यानं विचारलं, "काल सांजच्याला तुमचा दोस्त कुठं हुता?" तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवताच सांगितलं, "माझ्याबरोबर. रंकाळ्यावर." खरं तर चार दिवसांत मी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. असेल कुठली तरी मारामारी, असं वाटलं. पोलिसानं जबाबावर माझी सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, "तुमच्या वस्तादास्नी कुणीतरी मागनं पाइपनं मारलंय. दवाखान्यात हायत."

तेव्हा कुठं मी कप खाली ठेवला. तालमीच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता, वस्ताद जागा सोडत नव्हते, आणि माझा मित्र वर्षभर त्या बिल्डरच्या गाडीतनं हिंडत होता. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की!

तडक त्याच्या घरी गेलो. तो आरशासमोर दाढी करत होता.

"पोलिसांला तुझंच नाव सांगितलतं. तू पाठ राखणार, ठावं हुतं. एकच फटका द्यायचा हुता रे, म्हातारं भ्यावं म्हणून." आणि तो हसला. हसला! मला शिसारी आली.

दवाखान्यात वस्तादांचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं, उजवा हात गळ्यात. मला बघून म्हणाले, "बरं झालं, त्यो तुझ्याबरोबर हुता म्हणून तू पोलिसास्नी सांगितलंस. मला त्याचाच संशय आलता. पाप आलतं बघ मनात."

मला राहवलं नाही. "वस्ताद, मी खोटं बोललो. त्यानंच मारलंय. आत्ता माझ्यासमोर कबूल केलंय त्यानं."

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मग म्हणाले, "बाहीर बोलू नगोस. आपलंच पोरगं हाय."

माझं डोकंच फिरलं. असला कसला नियम? तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब बदलला.

मित्राला शिक्षा झाली. बिल्डरनं जागेचा नाद सोडला, तालीम वाचली. बरे झाल्यावर वस्ताद पुन्हा तालमीच्या पायरीवर बसू लागले. मी दिसलो, की उठून आत जायचे. शिव्या घालायलासुद्धा त्यांनी मला पुन्हा कधी आत नेलं नाही.