मोर छाप डबी आणि नवरदेवाची दाढी

रेवदंड्यात भागोजीकाकांच्या हातची दाढी लांबूनही ओळखू यायची. खाऱ्या वाऱ्यानं आणि उन्हानं इथल्या पुरुषांचे गाल सुकटासारखे होतात. पण काकांच्या पाटावरून उठलेला माणूस दोन दिवस तरी गालावरून हात फिरवत हिंडायचा. माझे वडील तर आरशात बघून उगाच हसायचे, आणि आई म्हणायची, "पुरे आता, कोणी बघायला येणार नाही तुम्हाला."

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी काकांनी बाजारपेठेच्या टोकाला पिंपळाखाली आरसा टांगला. त्याआधी त्यांचे वडील घरोघर जाऊन हजामत करायचे. काकांनी दुकान मांडलं तरी आमच्यासारख्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतली जुनी घरं सोडली नाहीत. तिथं रविवारी सकाळी वस्तरा-कात्रीची धोकटी काखेत मारून ते स्वतः यायचे. माझ्या कान्हादादाचं जावळ त्यांनीच काढलं होतं, आणि मिसरूड फुटल्यावर पहिला वस्तराही त्यांनीच लावला.

त्यांचा सगळा जीव एका डबीत होता. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं दाढीचं क्रीम, पत्र्याच्या चपट्या डबीत, झाकणावर मोर. लोण्यासारखं घट्ट. काका त्यावर ओला ब्रश असा काही फिरवायचे की वाटीत फेस उभा राहायचा, आणि मग तो गालावर लावून ते चक्क गप्पा मारत बसायचे. "मुरू द्या जरा," म्हणायचे. आमच्या वाडीत या मुरण्याच्या वेळात कितीतरी लग्नं जुळली आणि भांडणं मिटली.

आणि एक दिवस कंपनीनं ती डबी बंद केली. का, तर आता नळी निघाली होती. ब्रश नको, फेस नको, बोटानं लावा आणि खरवडा. अहो, खप कमी झाला होता म्हणावं तर आमच्याकडे डब्या येताच संपायच्या! पण मुंबईत खुर्चीवर बसून ठरवणाऱ्याला रेवदंड्याचे गाल कुठे दिसणार? मला अजून आठवलं की राग येतो. काका लाँचनं मुंबईला गेले, कंपनीच्या दारात उभे राहिले. तिथल्या माणसानं त्यांना पाणी दिलं, एक नळी फुकट दिली आणि डबी विसरायला सांगितलं. परत आले ते तोंडात मारल्यासारखे.

त्यांचा पुतण्या चंदर याला मात्र ती नळी आवडली. काकांनीच त्याला लहानाचा मोठा केलेला, वस्तरा धरायला शिकवलेला. "काका, जमाना बदलला," एवढंच तो म्हणाला.

काका भडकले. "दाढी करतोस का दात घासतोस? माझ्या दुकानात ह्यो पिचकारीचा धंदा चालायचा न्हाय!"

चंदरनं एस.टी. थांब्याजवळ फिरत्या खुर्चीचं सलून काढलं. चुलता-पुतण्याचं बोलणं तुटलं. डब्या संपत आल्या तसा काकांनी साधा साबण धरला. त्यानं गिऱ्हाइकांचे गाल चुरचुरायला लागले, तसे एकेक करून लोक चंदरकडे वळले. आधी तरणी पोरं, मग त्यांचे बापही. काकांकडे पाठ फिरवताना लोकांना वाईट वाटायचं, म्हणून ते पिंपळाच्या पलीकडून वळसा घालून जायचे. काकांना ते दिसायचं. त्यापेक्षा समोरून गेले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्याकडे शेवटची एक डबी उरली होती. ती त्यांनी कान्हादादाच्या लग्नासाठी जपून ठेवली. आमच्याकडे रीत अशी की हळदीआधी नवरदेवाची दाढी जो करील, ते घर पुढे त्याचं. धोतर-नारळाचा मान त्याचा, आणि पुढच्या पिढीची जावळंही त्याचीच. काकांकडे राहिलेलं मोठं घर आमचं एकच होतं. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हापासून ते वडिलांना सांगायचे, "अण्णा, कान्हाची दाढी मोर छापनंच व्हनार. डबी हाय माज्याकडं."

आता ही डबी ठेवली कुठे? तर आमच्या किनाऱ्यावरचा कुठलाही शहाणा माणूस ठेवील तिथेच. पावसाळ्यात इथे सगळ्याला बुरशी येते, लोखंड गंजतं, मुंग्या काही सोडत नाहीत. घरातली एकच जागा कोरडी ठणठणीत, ती म्हणजे चुलीवरचा माळा, जिथे सुक्या बोंबलांचं मडकं असतं. डबीचं झाकण गंजून धरलं होतं, म्हणून काकांच्या बायकोनं, आवडाबाईनं, ते काढून फेकलं, वर फडकं बांधलं आणि डबी बोंबलांत खोल पुरून ठेवली. दोन पावसाळे ती तिथे सुखरूप राहिली. रोज बोंबील भाजणाऱ्या घरात त्याचा वास कोणाला येणार!

वैशाखात लग्न आलं. आमच्याकडे देवक बसलं की ते उठेपर्यंत घरात मासळीचं नाव काढायचं नाही. भांडीसुद्धा चिंचेनं घासून बाहेर ठेवतात. ज्या दिवशी देवक बसलं त्याच सकाळी कान्हादादा मांडवात पाटावर बसला. बायका गाणी म्हणत होत्या. काका नवी टोपी घालून आले होते. त्यांनी फडकं सोडून सगळ्यांना बिनझाकणाची मोर छाप डबी दाखवली, वाटीत फेस उभा केला आणि दादाच्या गालावर तो भरभरून लावला.

माझी केसरआत्या एकदम गायची थांबली. "बोंबील! देवक बसलंय आणि बोंबील कुणी आणले घरात?"

झालं. बायका उठल्या. स्वयंपाकघर धुंडाळलं, आचाऱ्याला बोलणी बसली, मांजर हुसकलं. मी दादाजवळच होते. त्याला कळलं होतं. डोळे मिटून, श्वास रोखून तो दगडासारखा बसला होता. मग आत्या वास घेत घेत पाटाजवळ आली आणि थबकली.

काकांनी ब्रश नाकाशी नेला. त्यांचा चेहरा बघवेना. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी दादाचा गाल हळूहळू पुसून काढला.

"अंगाच्या साबणानं करा," कोणीतरी म्हणालं.

"नगं," काका म्हणाले. "वर हळद लागली का पोराचे गाल भाजून निगतील."

"मग चंदरला बोलवा की!" आत्या म्हणाली. चंदर आला म्हणजे काकांचं घर गेलं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. वडील खाली बघत राहिले. शेवटी काकांनीच धोकटी आवरायला घेतली. "बोलवा, अण्णा. खोळंबा नगं. माजी चूक हाय."

चंदर धावतच आला. हात स्वच्छ धुतलेले, खिशात नळी. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. पाटाजवळ आल्यावर त्यानं आधी दादाकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी वस्तरा त्याच्यापुढे धरला.

चंदरनं तो घेतला नाही. "नवरदेवाची मला येत न्हाय," तो मोठ्यांदा म्हणाला. "कुटं शिकवली तुमी? साधी तेवडी शिकवलीत."

वस्तरा नवरदेवाच्या गालावर काही वेगळा चालत नाही. मांडवातल्या प्रत्येक बाप्याला हे माहीत होतं. पण चंदरला खोटं कोणी पाडलं नाही. माझे वडील दुसरीकडे तोंड करून उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

काकांनी वस्तरा मागे घेतला. मग त्यांनी डावा तळहात पुढे केला. चंदरनं त्यावर नळी पिळली आणि पाण्याची वाटी उचलून तो त्यांच्या बाजूला उभा राहिला.

"हितं बग नीट," काका म्हणाले. "नवरदेवाची उजव्या गालापास्नं धरायची. आनि घाई करायची न्हाय."

"व्हय काका," चंदर म्हणाला, आणि जन्मात कधी दाढी पाहिली नसल्यासारखा डोळे विस्फारून बघत राहिला.