माहितीपुस्तिकेतलं वॉचडॉगचं पान

डिसेंबर १९८६, मंगळवार, दुपार. अड्याळची भातगिरणी. हजर : गिरणीचे मालक भाऊराव, त्यांच्या ड्रायरवर काम करणारा शालिक, पोती वाहणारे काही हमाल आणि मी.

त्या दुपारी मी काय बोलले ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे — आणि तरी बघा, आधी यंत्राबद्दलच बोलावंसं वाटतं.

भंडाऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही धान वाळवणाऱ्या ड्रायरसाठी संगणकीय नियंत्रक बनवत होतो. गरम हवेची झडप किती उघडायची, कधी मिटायची, ते हा डबा ठरवतो. आतला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, अडकला तर झडप उघडीच राहते आणि धान करपतं. म्हणून आत एक वेगळा टायमर असतो, त्याला वॉचडॉग म्हणतात. कार्यक्रमानं त्याला सतत 'जागा आहे' असं कळवायचं. कळवणं थांबलं, की तो अख्खं यंत्र पुन्हा सुरू करतो. कर्नलमधला — म्हणजे सगळी कामं वाटून देणाऱ्या मूळ कार्यक्रमातला — त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा भाग, मी लिहिलेला. त्याची माहिती लिहिण्याचं कामही माझंच.

गिरणीवाल्यांना समजावं म्हणून मी जागलीचं उदाहरण घेतलं. धान कापणीला आलं, की रानडुकरांपायी शेतात रात्री राखण असते. एका माळ्यावरून, म्हणजे मचाणावरून, हाक येते, दुसऱ्यावरून उत्तर जातं. उत्तर आलं नाही, तर शेजारचा उठून बघायला जातो. छान जमलं होतं. आणि लिहिता लिहिता हात थांबला — आपल्या यंत्रात हाक देतं कोण? वाळवणीचं काम पाहणारा भाग? नाही. सोयीचं पडतं म्हणून मी ती हाक आतल्या घड्याळाला जोडून दिली होती. काम अडकलं तरी घड्याळ चालूच राहणार, हाक जातच राहणार. जागल्या झोपलेला, आणि त्याच्या वतीनं भलतंच कोणी ओरडतंय.

टेम्पो दारात उभा होता. दुरुस्त करायचं तर यंत्र परत आत न्यावं लागलं असतं. मी लिहून टाकलं : 'कार्यक्रम अडकल्यास यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते.' कामांच्या यादीत 'पुस्तिका' या शब्दापुढे खूण केली. त्या खुणेचं मला समाधान वाटलं — हेही सांगायला हवं ना? मागाहून करू, असं मनाशी म्हटलं. केलं नाही.

मग धान करपल्याचा निरोप आला. मी बसनं अड्याळला गेले. भाऊरावांच्या हातात माझी पुस्तिका होती, नेमकं तेच पान उघडलेलं.

"मशीनले झोप लागत नाही, शालिक. तुलेच लागली असन," ते म्हणाले. हमाल हसले.

"मी जागाच होतो, भाऊ. आकडे जागच्या जागी थांबून गेले. झडप हातानं बंद केली, तवा एवढं तरी वाचलं." मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमीच सांगा. अडकत असन ना कवा कवा?"

मला ठाऊक होतं. मलाच ठाऊक होतं.

"अडकलं तर ते आपोआप सुरू होतं," मी म्हणाले. "पुस्तिकेत लिहिलंय तसंच आहे."

त्याच दिवशी भाऊरावांनी शालिकला ड्रायरवरून काढून पोत्यांवर घातलं. हमालांनी त्याचं नाव 'झोप्या' ठेवलं. ज्यानं अर्धं धान वाचवलं, त्याचं.

परतल्यावर मी ड्रायव्हर बदलला. हाक आता वाळवणीचा भागच देतो. पुस्तिकेतलं ते पानही नव्यानं लिहिलं. यंत्र हवाली करताना आम्ही ते मुद्दाम अडकवतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पुन्हा सुरू होऊ देतो. तेव्हापासून कुठल्याच गिरणीतून धान करपल्याचा निरोप नाही. पण भाऊरावांना मी हा बदल 'सुधारणा' म्हणून दिला. चूक म्हणून नाही — का बरं?

गेल्या महिन्यात कोंढ्याच्या गिरणीत यंत्र बसवायला गेले, तर ड्रायरवर शालिक उभा. तिथल्या मालकानं त्याला स्वतः बोलावून नेलं होतं. चाचणी त्यानंच घेतली. यंत्र अडकवलं, ते पुन्हा सुरू होईपर्यंत झडपेवर हात ठेवून उभा राहिला, आणि हसला.

"आता बरोबर उठते, बाई."

आता. म्हणजे त्याला त्या दुपारीही कळलं होतं. तरी त्यानं मला चहा पाजला, आणि मी तो पिऊन निघाले. त्याला यंत्रावर पाहून बरं वाटलं, ते खोटं नाही. पण त्याला काही सांगितलं का? नाही.

शालिक अजून अड्याळच्या बाजाराला येतो, आणि तिथे त्याला अजून 'झोप्या' म्हणूनच हाक मारतात. भाऊराव गिरणीत रोज बसतात. हमाल तेच आहेत. त्या सगळ्यांसमोर उभं राहून, शालिक जागा होता आणि खोटं मी बोलले, एवढं सांगायचं राहिलं आहे.