शमीमबाईंच्या वर्गातले डंपर

शमीमबाई गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, 'हरहुन्नरी सहकारी हरपल्या' असं लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. मीही एक चित्र टाकलं. त्याला दीड महिना झाला. लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पनवेलच्या आमच्या प्राथमिक शाळेत त्या चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायच्या. इतर ठिकाणी कार्यानुभव म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. बाईंच्या चौथीतल्या बऱ्याच मुलांचे वडील कळंबोलीला ट्रकवर होते, तर त्यांनी मुलांना सांगितलं, "डंपरची ट्रॉली वर कशी जाते, घरी विचारून या." मुलं विचारून आली. मग पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, सुई नसलेल्या सिरिंजा आणि प्लास्टिकची नळी... एका सिरिंजमधलं पाणी दाबलं की दुसरीचा दांडा वर सरकायचा आणि पुठ्ठ्याची ट्रॉली उचलली जायची. पहिले तीन डंपर गळले. बाईंनी एकालाही हात लावला नाही. "गळतंय कुठून, ते शोधा," एवढंच म्हणाल्या. त्यातून होणाऱ्या गोंगाटाची तक्रार शेजारच्या वर्गातून मीच केली होती, तेही सांगून टाकते.

शाळेत मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, त्याला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. सकाळी मोठ्या बाईंनी ते वाकडे, डिंकाचे डाग पडलेले डंपर पाहिले आणि दुकानातून तयार ज्वालामुखी नि थर्माकोलची सूर्यमाला मागवली. डंपर हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते जिन्याखालच्या खोलीत एकावर एक रचले, त्यात दोन चेपले गेले. मुलं दिवसभर विकतच्या ज्वालामुखीमागे उभी राहून पाठ केलेली वाक्यं म्हणत होती.

दुपारी शमीमबाईंनी मला गाठलं. "तुम्ही नेलेत?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं हो..."

"सांगितलं त्यांनी. उचलले तुम्ही ना?"

आवाज जराही चढला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांचे तास संगणकाला गेले आणि त्यांना गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांवर ठेवलं. हे ठरलं त्या सभेत मोठ्या बाईंनी विचारलं होतं, कुणाला काही म्हणायचंय का? मी वहीच्या कोपऱ्यात नक्षी काढत बसले. निवृत्त होईपर्यंत बाई माझ्याशी नीट बोलत राहिल्या, डबाही पुढे करायच्या... तेच जड जायचं.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांचे पती हमीदभाई आता एकटेच असतात. चहा देताना म्हणाले, "तुम्ही सुजाताबाई ना? नाव घ्यायची ती तुमचं."

"काय म्हणायच्या?"

"म्हणायची, डरपोक आहेत, पण दिलाच्या चांगल्या."

मी कप खाली ठेवला. मग त्यांनी मला गॅलरीत नेऊन कपड्यांची दोरी दाखवली. शेवटी शेवटी बाईंचा हात खांद्यातून वर जात नव्हता, म्हणून त्यांनी छताला कप्पी बसवून घेतली होती. हमीदभाईंनी दोर ओढला, दोन ओले शर्ट वर गेले. पण दोराचं टोक ते हातातच धरून उभे राहिले. "तिची एक गाठ होती," ते म्हणाले, "ती काही मला जमत नाय."

मी दोर हातात घेतला. दोनदा बांधला, दोनदा सुटला. शेवटी आम्ही शर्ट खाली घेतले आणि खुर्चीवर वाळत टाकले.