कारध्याच्या बोटीतलं दुधी तेल

कारध्याच्या काठावरची ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती आणि मी वैनगंगेकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवी विसर्जनाचा बंदोबस्त होता. आमची मोटरबोट ऐन नदीत बंद पडली. आत दोन शिपाई आणि चालक. प्रवाह त्यांना पुलाच्या खांबांकडे ओढत होता. काठावरच्या ढिवर मासेमारांनी आपले डोंगे पाण्यात घातले, दोर फेकला, म्हणून तिघे जिवंत परतले.

बोटीमागची मोटर सोडवून ठाण्यात आणली आणि बघ्यांसमोरच तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवर जास्त दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी लागलं होतं. तेलात पाणी शिरलं होतं, एवढं मलाही कळलं. पण ते आलं कुठून?

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "तुमच्या बोटवाल्यानंच पाणी टाकलं. शस्त्रपूजेलेही नव्हता तो. विचारा त्याले, काहून नव्हता."

चालक कारध्याचाच, चाळिशीतला, हंगामी नेमणुकीवरचा. बौद्ध कुटुंबातला. दसऱ्याला तो दरवर्षीप्रमाणे बायकोसह नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. त्या रजेच्या अर्जावर माझीच सही होती. तरीही फोन ठेवताना मी मनात म्हणालो, हा पूजेला नव्हता खरा. तेवढ्यावर मी जीप पाठवली. माझ्या माणसांनी भर वस्तीत त्याच्या घराची झडती घेतली, डबे उपसले आणि त्याला ठाण्यात आणून बसवलं. सरकारी मालमत्तेचं नुकसान आणि तिघांचे जीव धोक्यात घालणं, असा गुन्हा दाखल करायची तयारी झाली. नोकरी तर जाणारच होती, पण तुरुंगही समोर दिसत होता.

सकाळी मी स्वतः चौकशीला बसलो. तेल कधी बदललं? किल्ली कोणाकडे होती? उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा विचारलं की उत्तराला नवी शेपटी जोडतो. हा जोडत नव्हता.

शेवटी तोच म्हणाला, "साहेब, पाणी टाकून मीच त्या बोटीत कायले बसू? मले पोहता येते, पण पुलाच्या खांबाले थोडीच समजते! एकदा मोटर पाहू द्या. मंग जे लिहाचं ते लिहा."

नियमाने मी नकार द्यायला हवा होता. पण ते दुधी तेल मला चैन पडू देत नव्हतं. दोन पंच बोलावले आणि त्याला हत्यारं दिली.

त्याने आधी प्लग खोलले. दोन्हींच्या टोकांवर तांबूस गंज चढला होता. "हे पाहा. झाकणातून पाणी टाकलं तं ते खाली तेलात राहाते. इथपर्यंत कायले चढते? हे पाणी धुराच्या वाटेनं आलं, साहेब."

"धुराची वाट कोणती?"

त्याने मोटरीच्या खालच्या टोकाचा पंखा दाखवला. या मोटरीचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्यात सुटतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने पोकळीतल्या खाचेत बोट घातलं. बोटाला ओलं कुंकू आणि दोन अक्षता लागून आल्या.

"सरळ उभ्या मोटरीत इथून पाणी वर चढत नाही. मोटर कोणी उलटी ठेवली होती?" त्याने विचारलं. आता चौकशी तो करत होता.

तीस वर्षं नोकरी झालेला आमचा हवालदार बुटांकडे पाहू लागला. "साहेब, पूजेच्या दिवशी... तुमीच म्हणाले होते ना, पंखा वर करा म्हणून."

होय, मीच म्हणालो होतो. अंगणात सतरंजीवर रायफली, लाठ्या मांडल्या होत्या. बोटीची मोटर पाहून मला उत्साह आला. नदीवर आमचं शस्त्र तेच, मग हळदकुंकू पंख्यालाच लागायला हवं! मोटर डोक्यावर उभी करवली आणि तांब्याभर पाणी माझ्या हाताने पंख्यावर ओतलं. ते थेट इंजिनात उतरलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन फिरताच तेलात घुसळलं गेलं. वर विसर्जनाच्या वेळी "साहेब, धूर पांढरा निघून राहिला, जरा थांबतो," असं चालक म्हणाला, तेव्हा "मूर्ती आल्या, निघ लवकर," म्हणून मीच त्याच्यावर ओरडलो होतो.

स्टेशन डायरीत मी सगळं माझ्या नावानिशी लिहिलं. पुढे वरिष्ठांचा ठपका आला, तो मिळायलाच हवा होता. निनावी फोनने मला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. एक माणूस आपल्यासोबत हात जोडायला नव्हता, एवढंच सांगितलं होतं, आणि मी त्याचा पुरावा केला. याची लाज मला अजून वाटते.

"तुमी लिहिलं ते ठीक," चालक म्हणाला, "पण वस्तीत डायरी कोण वाचते?"

म्हणून त्याच दुपारी मी गणवेशात त्याच्या घरी गेलो. शेजारी दारांत जमले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की चूक माझी होती, यांचा काही दोष नाही. त्याची बायको उपसलेले डबे परत लावत होती. तिने हात थांबवून ऐकून घेतलं.

"मोटर खोलून पाहिली तुमी," ती म्हणाली, "मंग आमचं घर पहिले काहून खोललं?"

मी टोपी काढून उभा राहिलो.