येण्याचं पेट्रोल

आमच्या ट्रकचे ड्रायव्हर काकाजी नसते, तर मी गोंदियात तिसऱ्या वर्षाचा पावसाळा पाहिला नसता. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढची हकीकत वाचून तुम्हाला वाटेल की मीच काहीतरी पराक्रम केला. मी केलेली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती चूक आहे.

काकाजींची एक सवय होती. निघण्याआधी टाकीचं झाकण काढायचं, खुणा पाडलेली बांबूची कमची आत सोडायची, बाहेर काढून डोळ्यांसमोर धरायची आणि मग नाकाशी न्यायची. वास कशाला घेतात, हे मी एकदा विचारलं.

"ताजं हाये का शिळं, पायतो," ते म्हणाले.

मी महिनाभर खरं मानलं. पेट्रोल शिळं होतं, असं दोघातिघांना सांगितलंही.

दुसरी सवय म्हणजे उतार आला की इंजिन बंद. गाडी नुसती घरंगळायची, वारा भणभणायचा, आणि काकाजी हसून म्हणायचे, "उतार फुकट हाये, बाबू." देवानं पृथ्वीवर उतार केले ते ड्रायव्हरांसाठी, असं त्यांचं मत होतं. चढ कोणासाठी केले, ते विचारलं की म्हणायचे, "सेठसाठी."

मी पारनेरकडचा. मराठी सहावीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण सांगताना सुटली म्हणतो. गावच्या एका ओळखीच्यानं मला गोंदियाच्या विड्यांच्या कारखान्यात आणून टाकलं. सहावीत भूगोलात पास होतो, हे मी कारखान्याच्या सेठजींना त्यांनी न विचारताच सांगितलं, म्हणून त्यांनी मला मोटार-खात्याचा कारकून केलं. खातं म्हणजे मिलिटरीच्या लिलावातला एक ट्रक, काकाजी आणि मी. त्यांतलं मोडकं कोण, हा प्रश्न कारखान्यात अधूनमधून निघायचा.

काकाजी गोंदियाजवळच्या मुर्रीचे, जातीनं पवार. लढाईच्या काळात आसामात लष्कराच्या गाड्या चालवलेले. घरी धानाची थोडी जमीन. बोलणं असं रोखठोक की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे माझ्यावर चिडलेत. मग कळलं, त्यांना राग आला की ते गप्प बसतात.

एक दिवस सेठजींनी मला बोलावलं. "रेल से माल भेजने में बहुत पैसा जाता है. पुण्याला ट्रक गेला तर पेट्रोल किती लागेल? हिसाब लगाओ. सस्ता पडला तर ट्रक ठेवू, नाही तर विकून टाकू."

ट्रक विकला म्हणजे खातं गेलं. खातं गेलं म्हणजे मी गेलो.

शाळेतला नकाशा माझ्याकडे होता. गावाहून आणलेल्या गोधडीचा एक दोरा उसवला आणि नकाशावर रस्त्यारस्त्यानं अंथरला. साकोली, भंडारा, नागपूर, अमरावती, अकोला, औरंगाबाद, नगर. दोरा मापाला लावला, मैल काढले, गॅलनला बारा मैल धरले, आणि सुवाच्य अक्षरात कागद करून सेठजींसमोर ठेवला. खर्च रेल्वेच्या निम्म्याहून थोडा जास्त. सेठजी खूश. माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाजारात छाती काढून चाललो.

दुपारी तो कागद घेऊन काकाजींकडे गेलो. ते ट्रकच्या सावलीत बसून डबा खात होते. वाचता येत असूनही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. मी वाचलं, नकाशावर दोरा ठेवून दाखवला. त्यांनी उष्ट्या हाताचं बोट लांबूनच दोऱ्यावर धरलं.

"नगरच्या खाली दोरा वाकडा काऊन झाला?"

"तिकडचा रस्ता... जरा खराब आहे."

"चांगली सडक सोडून गाडीवाटेनं जाऊन राहिला तू. कोन राहते तिथं?"

"आई," मी म्हणालो.

त्यांनी डब्यातला पुढचा घास घेतला. मग म्हणाले, "बरं. अन् येचं कुठं लिवला?"

"कसलं?"

"पेट्रोल. जाचं लिवला. येचं कुठं हाये? का मी तिकडंच राहू?"

मी कागद पाहिला. उलटा करून मागची बाजूही पाहिली, जणू तिथं कोणी लिहून ठेवलं असेल. गोंदिया ते पुणे इतकंच होतं. पुढे शून्य. तुमच्यापैकी कोणी घरापासून लांब राहिलं असेल तर सांगा, माणूस असा कागद कसा करतो ते. मला खरंच दिसलं नव्हतं.

काकाजी इतके हसले की ठसका लागला. "अरे बाप्पा! आमच्या बापजाद्यायनं असंच मांडलं होतं. माळव्याहून निघाले, येचं मांडलंच नाई. म्हणून मी इथं धान लावून राहिलो!"

मला रडू येत होतं. "काकाजी, सेठजी मला हाकलतील."

ते गप्प झाले. म्हणजे चिडले, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला न विचारता सेठजींच्या गादीसमोर उभे राहिले. मी दाराच्या आडून ऐकत होतो.

"सेठ, हिसाबात गलती हाये. मी बाबूले जाण्याचंच सांगलो. येचं सांगाचं भुललो."

"भूल गए? इतने साल गाडी चलाते हो और आना भूल गए?" सेठजींचा आवाज चढत गेला. काकाजी मान खाली घालून उभे होते. मी दाराआड होतो, आणि तिथंच राहिलो. पुढे जाऊन "चूक माझी" हे दोन शब्द बोलायला मला जमलं नाही. आजपर्यंत जमलं नव्हतं. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

"तो ट्रक बेच दो," सेठजी म्हणाले.

"रिकामा आला तं बेचा. भरून आला तं भाड्यात येचं पेट्रोल निघते."

"क्या भरके?"

तेव्हा मात्र दाराआडून माझ्या तोंडून निघून गेलं, "कांदा! आमच्या गावी कांदा ट्रकची वाट बघत पडलेला असतो!"

सेठजींनी दाराकडे पाहिलं. काकाजींनी पाहिलं नाही, पण म्हणाले, "कांदेवाले याच्या वळखीचे. हा संग नाई आला तं मले कोन कांदा देते?"

असा मी ट्रकमध्ये चढलो. चढण्याआधी काकाजींनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "येचं तुह्या हातानं मांड." वाकडा दोरा मी जाण्यातून उचलून येण्यात ठेवला. पुण्याहून सुपे, सुप्याहून आमचं गाव, तिथून नगर आणि मग एकेक गाव करत गोंदिया. कागद खिशात ठेवला.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी बराच वेळ मैलांचे दगड मोजत होतो आणि काकाजी कमचीवर विश्वास ठेवून होते. पाच ठिकाणी माझा हिसाब चुकला, कमचीचा एकदाही नाही. प्रत्येक उतारावर ते इंजिन बंद करायचे आणि मी डोळे.

पुण्यात विड्यांच्या पेट्या उतरल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आमच्या गावात शिरला. दोन वर्षांनी आई दिसली. तिनं आधी माझ्या दंडाला हात लावून पाहिला, मग काकाजींना पाणी दिलं. मामानं कांद्याची पोती जमवली. सकाळी पोती भरली, दोर आवळले, आणि मी ओसरीवर बसून राहिलो. पिशवी आतच होती.

काकाजींनी कमची टाकीत घातली, काढली, वास घेतला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राहाचं असन तं राहा. तू उतरला म्हणून पेट्रोल काई कमी लागत नाई."

एवढंच. आग्रह नाही, उपकाराची आठवण नाही. मी खिशावर हात ठेवला. आतला कागद चुरचुरला. मी राहिलो असतो तर गोंदियात दाराआडून ऐकायलाही कोणी नसतं, आणि त्या गादीसमोर मान खाली घालून पुन्हा तेच उभे राहिले असते.

आई फडक्यात भाकऱ्या बांधून घेऊन आली. दोघांच्या होत्या. "त्या मानसाला येवढ्या लांब एकटं धाडतो व्हय रं?" ती म्हणाली आणि पिशवी तिनंच बाहेर आणली.

गावाबाहेर उतार लागला. इंजिन बंद झालं. मी रडत होतो, ते वाऱ्याच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. काकाजी म्हणाले, "उतार फुकट हाये. रडून घे." म्हणजे ऐकू गेलं होतं.

कांद्याच्या भाड्यात परतीचं पेट्रोल निघालं. वर फारसं उरलं नाही, पण ट्रक राहिला, खातं राहिलं, मी राहिलो. पुढे काकाजींनी मला कुडव्याच्या सडकेवर गाडी शिकवली. शिकवताना त्यांनी ज्या शिव्या दिल्या, त्यांतल्या काही पवारी बोलीत होत्या, म्हणून त्या मला लागल्या नाहीत.

वर्षभरापूर्वी त्यांची नजर अधू झाली. कमचीवरच्या खुणा दिसेनात. ते बोटानं चाचपायला लागले, आणि एक दिवस स्वतःच किल्ली टेबलावर ठेवून बाघ नदीपलीकडे लेकीच्या गावी गेले. कमची माझ्याकडे आहे. मीही ती नाकाशी नेतो. नवे हमाल विचारतात, तेव्हा ताजं-शिळं पाहतो म्हणून सांगतो.

ते एकदा म्हणाले होते, "धार पायाची हाये एकडाव. बापजाद्यायचं येचं राहून गेलं नं."

गोधडीचा तोच दोरा मी नकाशावर माळव्यातल्या धारपर्यंत लावून पाहिला आहे. नागपूर, अमरावती, खंडवा, इंदूर, धार, आणि तिथून परत. पगारातून गॅलनागॅलनाचे पैसे बाजूला टाकतो. या खेपेला शहाणा झालो आहे. आधी येण्याचं जमवलं. जाण्याचं अजून थोडं कमी आहे. ते जमलं की भाड्याची गाडी घेऊन नदीपलीकडे येईन, काकाजी. चालवीन मी, शिव्या तुम्ही द्या. आणि उतार आला की इंजिन नक्की बंद करीन.